अनुमानाचा तराजू

बाजारात वजन कमी भरले, तर आपण दुकानदाराला लगेच टोकतो. बोलण्यातले माप खोटे असेल, तर मात्र ते ध्यानात येतेच असे नाही. 'अमुक खरे, म्हणून तमुकही खरे' असे आपण दिवसातून कितीदा तरी म्हणतो. त्या 'म्हणून'ला आधार आहे की नाही, हे पाहणाऱ्या शास्त्राला मदरशांत 'मन्तिक' म्हणतात, मराठीत तर्कशास्त्र. इमाम गझाली (रह.) (इ.स. १०५८-११११) यांनी 'अल्-किस्तासुल मुस्तकीम', म्हणजे 'अचूक तराजू', या ग्रंथात पवित्र कुरआनातील युक्तिवादांतूनच अनुमानाचे पाच तराजू दाखवून दिले आहेत. त्यांपैकी 'तलाजुम' या एकाचा परिचय आज करून घेऊ.

तलाजुम म्हणजे एक गोष्ट दुसरीशी बांधलेली असणे. 'जर'नंतरच्या भागाला 'मुकद्दम' म्हणतात, 'तर'नंतरच्या भागाला 'ताली'. उदाहरणार्थ : ही नमाज सहीह असेल, तर नमाजी पाक होता. या एका विधानावरून चार प्रकारे निष्कर्ष काढले जातात.

१. नमाज सहीह आहे. म्हणून नमाजी पाक होता. हे योग्य आहे.
२. नमाजी पाक नव्हता. म्हणून नमाज सहीह नाही. हेही योग्य आहे.
३. नमाजी पाक होता. म्हणून नमाज सहीह आहे. हे चूक आहे.
४. नमाज सहीह नाही. म्हणून नमाजी पाक नव्हता. हेही चूक आहे.

शेवटची दोन का चुकतात? एखाद्याने उत्तम वुजू केला, पण वेळ होण्यापूर्वीच नमाज पढली, असे समजा. तो पाक आहे, तरी नमाज सहीह नाही. हे एकच उदाहरण दोन्ही निष्कर्ष मोडते. अनुमानाचा साचा योग्य ठरण्यासाठी तो प्रत्येक प्रसंगी टिकला पाहिजे. कधी कधी टिकणे पुरेसे नाही. 'सूर्य उगवला असेल, तर दिवस आहे' या पाठ्यपुस्तकी उदाहरणात चारही निष्कर्ष खरे ठरतात, कारण तेथे दोन्ही गोष्टी परस्परांना बांधलेल्या आहेत. तेवढ्यावरून चारही साचे योग्य समजणारा विद्यार्थी फसतो.

सूरह अंबियाची २२ वी आयत या दृष्टीने पाहावी. आकाशात व पृथ्वीत अल्लाहखेरीज अन्य उपास्य असते, तर दोहोंची व्यवस्था बिघडून गेली असती, असा तिचा आशय आहे. व्यवस्था तर बिघडलेली नाही, हे आपण डोळ्यांनी पाहतो. म्हणून अन्य उपास्य नाही. हा वर सांगितलेला दुसरा प्रकार होय.

आता तिसऱ्या प्रकाराची किंमत सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातील एक तरुण फज्रच्या जमाअतीला येईनासा झाला. लोक म्हणू लागले : ज्याचे मन दीनवरून उडते, तो जमाअत सोडतो, याने जमाअत सोडली, म्हणून याचे मन उडाले. त्याच सुमारास त्याच्या निकाहाची बोलणी चालू होती. मुलीकडच्यांनी मला विचारले, तेव्हा 'हल्ली दिसत नाही खरा' एवढेच मी म्हणालो. वाक्य खरे होते. त्यातून ते कोणता निष्कर्ष काढीत आहेत, हे मला दिसत होते. तरी मी तो रोखला नाही. संबंध मोडला. पुढे कळले की, वडील अंथरुणाला खिळले होते, पहाटे त्यांच्याजवळ दुसरे कोणी नव्हते, आणि तो घरीच नमाज पढत होता. आजाऱ्याची देखभाल हे जमाअतीला न येण्याचे शरीअतने मान्य केलेले कारण आहे. मन्तिक शिकलेल्या माणसाने हे आधी विचारावयास हवे होते. मी त्याची माफी मागितली, पण मोडलेला संबंध पुन्हा जुळला नाही.

मन्तिकमध्ये अनुमानाची तपासणी दोनदा होते : एकदा 'सूरत', म्हणजे साचा, आणि एकदा 'माद्दा', म्हणजे त्यात भरलेली विधाने. 'मोबाइलवर आलेला प्रत्येक संदेश खरा असतो. हा मोबाइलवर आला. म्हणून हा खरा' यात साचा निर्दोष आहे, पहिले विधानच खोटे आहे. सूरह हुजुरातच्या ६ व्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे. तो माद्दा तपासायला शिकवतो. त्याच सूरहची १२ वी आयत पुष्कळशा संशयांपासून दूर राहण्यास सांगते. कित्येक संशय तिसऱ्या प्रकारच्या 'म्हणून'वरच उभे असतात.

तेव्हा घरात कोणाविषयी 'म्हणून' उच्चारण्यापूर्वी मुलांनाही एक प्रश्न विचारायला शिकवावे : याचे दुसरे काही कारण असू शकेल काय? असू शकत असेल, तर जीभ आवरावी आणि त्या माणसाकडेच जाऊन विचारावे.

अल्लाह आपणां सर्वांना न्यायाने तोलण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.