बोस्टनचे वृक्षोद्यान

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बोस्टन शहरी हार्वर्ड विद्यापीठाचे आर्नल्ड वृक्षोद्यान आहे. जेम्स आर्नल्ड या व्यापाऱ्याने मृत्युपत्रान्वये ठेवलेल्या द्रव्यातून ते १८७२ साली स्थापन झाले. देवमाशांच्या शिकारीच्या धंद्यात मिळविलेला पैसा अखेर वृक्षांच्या संगोपनास लागला, ही मौजच म्हणावयाची! उद्यानाचा विस्तार सुमारे २८१ एकर असून ते सर्वांस विनामूल्य खुले असते.

वळणावळणाचे रस्ते, टेकड्या, तळी व दाट छाया पाहून नवख्या पाहुण्यास हे एक रम्य उपवनच वाटते. परंतु एखाद्या वृक्षाजवळ जावे, तर धातूची एक लहानशी पट्टी दिसते. वृक्षाचे नाव, नोंदणीचा क्रमांक व तो कोठून आला, हे तीवर उमटविलेले असते. या पट्टीमुळेच उपवनाचे वृक्षोद्यान होते.

अशाच काही उंच वृक्षांच्या पट्टीवर ५२४-४८ हा क्रमांक आढळतो. शेवटचे दोन अंक १९४८ हे वर्ष दर्शवितात. हे वृक्ष मेटासिक्वोया जातीचे. १९४१ साली शिगेरू मिकी या जपानी शास्त्रज्ञाने हे नाव योजिले, तेव्हा त्याच्यासमोर केवळ जीवाश्म होते. हा वृक्ष लक्षावधी वर्षांपूर्वीच नामशेष झाला, अशी विद्वानांची समजूत होती. आणि त्याच काळी मध्य चीनमधील एका खेड्यात तो सुखाने उभा होता! त्याच्या बुंध्याशी एक छोटे देऊळ होते. ग्रामस्थांना तो चांगला परिचयाचा होता. अपरिचित होता तो शास्त्रज्ञांनाच.

वार्ता कळताच उद्यानातील शास्त्रज्ञ एल्मर मेरिल यांनी १९४७ साली बी गोळा करण्यासाठी २५० डॉलर चीनला धाडले. पुढल्याच वर्षी बी आले. मेरिल यांनी ते सारे स्वतःपाशी न ठेवता जगभरच्या शेकडो उद्यानांस वाटून टाकले. मूळ प्रदेशात हा वृक्ष आज संकटग्रस्त गणला जातो. त्यामुळे त्या वाटपाचे मोल फार आहे. सूचिपर्णी असूनही तो हिवाळ्यापूर्वी तांबूस होऊन पाने गाळतो, तेव्हा अजाण मनुष्य त्यास मेलेला समजतो.

फ्रँक्लिनियाची कथा याहूनही गंभीर आहे. १७६५ साली जॉन व विल्यम बार्ट्रम या पितापुत्रांना हे झाड जॉर्जियातील एका नदीकाठी आढळले. १८०३ नंतर ते रानात कोणालाही दिसल्याची खात्रीची नोंद नाही. आज जगात जी फ्रँक्लिनियाची झाडे आहेत, ती सारी माणसांनी लावलेली. या उद्यानातही ती आहेत. उन्हाळा सरता सरता त्यांना पांढरी, सुवासिक फुले येतात.