नहेम्या व झऱ्याची वेस
(अभ्यासाचे उतारे: नहेम्या २:११-१८; ३:१-३२; ५:१४-१८)

आमच्या एका उपदेशक बंधूंस त्यांच्या गांवानें झऱ्यांच्या राखणीचें काम सांगितलें आहे. स्वयंसेवक जमवावयाचे व त्यांस कामें वांटून द्यावयाचीं. आरंभ कोठून करावा, असें ते विचारतात.

नहेम्या इ. स. पू. ४४५ च्या सुमारास यरुशलेमास आला. तेथें तीन दिवस राहिल्यावर तो रात्रीं थोडीं माणसें घेऊन निघाला. मनांतील बेत त्यानें कोणास सांगितला नव्हता. झऱ्याची वेस व राजाचें तळें येथें तर त्याच्या जनावरास पुढें जाण्यास वाट नव्हती. लोकांशीं तो बोलला तो हें सर्व पाहिल्यानंतर.

तेव्हां सभा भरविण्यापूर्वीं झरा पाहावा. एक घागर भरण्यास किती वेळ लागतो तें घड्याळ लावून मोजावें व दर पंधरवड्यास वहींत मांडावें. पाणी येतें कोठून हेंहि शोधावें. सह्याद्रींत काळ्या दगडाचे थर एकावर एक आहेत. पावसाचें पाणी भेगांतून मुरतें, आणि न झिरपणारा थर लागला म्हणजे आडवें वाहून उतारावर बाहेर पडतें. कोंकणांत जांभ्याच्या सड्याखालींहि असेंच घडतें. म्हणून राखण केवळ झऱ्याच्या तोंडाशीं करून भागत नाहीं. पाणी मुरण्याची जागा वर पठारावर असते. थर कलता असल्यास डोंगराच्या पलीकडल्या अंगासहि असूं शकते. खालीं सिमेंटाचें टांकें बांधलें आणि वरचें रान उघडें केलें, तर टांकें कोरडें राहील. (असें एखादें टांकें वाचकांनीं पाहिलें असेलच.) वर चर खणावे, गुरें व शौचकूप दूर ठेवावे, धुणें खालच्या अंगास करावें.

मग माणसें. तिसऱ्या अध्यायांतील नांवें पुष्कळजण गाळून पुढें जातात, तें बरें नाहीं. तेथें याजक आहेत, सोनार आहेत, शल्लूमाच्या कन्या आहेत. शल्लून यानें झऱ्याची वेस व शिलोह तळ्याची भिंत बांधली. कित्येकांनीं आपल्या घरासमोरचाच भाग घेतला. ही योजना आम्हांस फार शहाणपणाची वाटते. ज्याच्या घरीं झऱ्याचें पाणी जातें, त्यास राखणीचें महत्त्व निराळें शिकवावें लागत नाहीं. तकोवी सरदारांनीं मान लवविली नाहीं. परंतु तकोवी लोकांनीं एक भाग संपवून दुसराहि घेतला. नहेम्या सरदारांच्या मागें लागून बसला असें दिसत नाहीं.

आतां एक अवघड गोष्ट. आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांस पाणवठ्यास हात लावूं देत नसत. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सोबती २० मार्च १९२७ रोजीं प्याले, आणि त्यावरील दाव्याचा निकाल मुंबई हायकोर्टांत लागण्यास १९३७ साल उजाडलें. तेव्हां झऱ्याची वही आपल्या हातीं आली म्हणजे 'आतां आमची पाळी' असें मनांत येतें. आम्हांस तें समजतें. परंतु नहेम्यानें अधिकाऱ्याचा हक्काचा भत्तादेखील घेतला नाहीं, कारण लोकांवर बोजा जड होता. झऱ्याच्या कारभाऱ्याची घागर रांगेंत आपल्या पाळीनेंच लागावी. आणि ज्यांनीं आपणांस हाकलिलें त्यांच्या मुलांचीहि त्याच रांगेंत लागावी.

पुढील बैठकींत ३:५ व ३:२७ हीं वचनें शेजारीं शेजारीं वाचावीं, व आपल्या झऱ्यावर किती घरें पाणी भरतात तें प्रत्येकानें मोजून यावें.