शंका-समाधान : हरवलेलं विमान शोधतात कसं?

प्रश्न : २०२४च्या ऑगस्टमध्ये 'सोनारीहून उडालेलं विमान बेपत्ता' अशी बातमी वाचून आमच्याकडे गोंधळ उडाला. आमच्या गावात कुठला विमानतळ? आणि ते विमान पुढे सापडलं का?
(एक वाचक, सोनारी, ता. परंडा)

उत्तर : तुमचं सोनारी काळभैरवनाथाचं. बातमीतलं सोनारी म्हणजे झारखंडातल्या जमशेदपूर शहराचा एक भाग. तिथे छोटा विमानतळ आहे. २० ऑगस्ट २०२४ला सकाळी अकराच्या सुमारास तिथून सेसना १५२ हे दोन आसनी विमान उडालं. आत एक प्रशिक्षक, एक शिकाऊ वैमानिक. थोड्याच वेळात संपर्क तुटला. चांदिल धरणाच्या काठच्या गावकऱ्यांनी विमान पाण्यात पडताना पाहिल्याचं सांगितलं आणि शोध धरणावर एकवटला. दोघांचे मृतदेह २२ तारखेला मिळाले. विमानाचा सांगाडा बाहेर काढायला विशाखापट्टणमहून नौदलाचे पाणबुडे आले.

प्रश्न : हरवलेल्या मोबाईलचं लोकेशन कळतं, मग विमानाचं का कळत नाही?

उत्तर : मोबाईल जवळच्या टॉवरशी बोलत असतो. विमान पडल्यावर बोलायचं काम एका लहानशा पेटीवर येतं. ही पेटी बहुधा शेपटाकडे बसवलेली असते. जोराचा धक्का बसला की ती आपोआप सुरू होते आणि ४०६ मेगाहर्ट्झवर हाक देऊ लागते. उपग्रह ती ऐकतात. आपल्याकडे हे संदेश इस्रोच्या बेंगळुरूच्या केंद्रात पोचतात. प्रत्येक पेटीला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे विमान कोणतं ते लगेच समजतं.

पण पेटीची हाक बाहेर पडते ती विमानाच्या पाठीवरच्या बारीक अँटेनातून. आपटताना अँटेना मोडली किंवा तिची वायर तुटली, तर पेटी धडधाकट असूनही हाक आतल्या आत राहते. विमान बुडालं तरी तेच, कारण पाण्यातून या लहरी वर येत नाहीत. रडारचीही मर्यादा आहे: त्याला सरळ रेषेत दिसतं. डोंगराआड खालून उडणारं लहान विमान त्याच्या नजरेतून सुटतं.

प्रश्न : ब्लॅक बॉक्सवरून शोध लागत नाही का?

उत्तर : अशा छोट्या विमानांत तो बहुधा नसतोच. जिथे असतो तिथे बऱ्याचदा त्याच्यासोबत पाण्याखाली टिकटिकणारं एक यंत्र असतं. तटरक्षक दलाचं डॉर्नियर ८ जून २०१५च्या रात्री तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ तिघांसह नाहीसं झालं. 'सिंधुध्वज' पाणबुडीने ती टिकटिक टिपली, आणि महिन्याभराने समुद्रतळाशी अवशेष मिळाले. याउलट हवाई दलाचं एएन-३२ हे मोठं विमान २२ जुलै २०१६ला चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाताना २९ जणांसह नाहीसं झालं. त्याचे अवशेष ओळखले गेले ते जानेवारी २०२४मध्ये, ३,४०० मीटर खोलीवर. २९ घरांनी साडेसात वर्षं वाट पाहिली. शोध थांबवू नये असं मी म्हणतो ते या घरांसाठी.

प्रश्न : आमच्यासारख्यांना यात काही करता येतं?

उत्तर : पुष्कळ करता येतं. २५ जुलै २०२२ला बारामतीहून उडालेलं शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं, तेव्हा वैमानिक मुलीच्या मदतीला शेतातली माणसंच आधी धावली. विमान पडताना दिसलं तर आधी घड्याळ बघा. उभे आहात ती जागा सोडण्यापूर्वी खूण धरा: ते कोणत्या लिंबाच्या, कोणत्या कळसाच्या रेषेत खाली गेलं. शेजारच्या गावातल्या कुणी अशीच रेष सांगितली, तर दोन रेषा जिथे मिळतात तिथेच शोध सुरू करता येतो. मग ११२ला फोन करा. जवळ जाणाऱ्याने विडी-काडी पेटवू नये, पेट्रोल सांडलेलं असतं. माणूस जिवंत असेल तर त्याला बाहेर काढा. विमानाचा तुकडा मात्र कितीही लहान असला तरी जागचा हलवू नका. अपघात का झाला, हे त्या तुकड्यांवरूनच शोधायचं असतं.