कपाटात वाजणारा फोन

आमच्या शिक्षकखोलीतल्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा एके काळी मोबाइलनी भरलेला असे. प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली: नाव, तुकडी, तारीख. नियम माझाच. वर्गात फोन दिसला की जप्त, आणि आठ दिवसांनी पालक आले तरच परत. त्या कप्प्याचा मला अभिमान होता, हे आधीच कबूल करते.

नववीतल्या एका मुलाचा फोन असाच एका सोमवारी आत गेला. दुपारी तो वाजायला लागला. थरथरत पत्र्यावर सरकायचा, थांबायचा, पुन्हा सुरू. आम्ही चहा घेत हसलो. "मित्रांना करमत नाही वाटतं," असं मीच म्हणाले. बुधवारी वडील दारात उभे. टेम्पो चालवतात. "बाई, पोराला काय बोलायचं ते बोला, पण फोन माझा हाय. गिऱ्हाइकं त्याच्यावरच फोन करत्यात. तीन भाडी गेली."

पोराने फोन आणला कशाला? आदल्या रात्री मी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेली बीजगणिताची उदाहरणं वहीत उतरवायची राहिली होती, म्हणून. वडील रात्री उशिरा घरी आले, तोवर हा झोपलेला. सकाळी ते झोपेत असताना याने फोन दप्तरात टाकला. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो ग्रुप मी काढला होता. शाळा उघडल्या, ग्रुप तसाच चालू राहिला. म्हणजे फोन हातात देणारी मी, आणि काढून घेणारीही मीच.

याहून महाग पडलेली गोष्ट नंतर कळली. स्नेहसंमेलनातला एका मुलीचा फोटो लावून कुणीतरी इन्स्टाग्रामवर तिच्या नावाचं खोटं खातं काढलं होतं. खाली घाणेरडा मजकूर. दीड महिना ती गप्प राहिली. का नाही सांगितलंस, असं विचारलं, तर खाली बघत म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही फोनच काढून घेतला असता ना, बाई." त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता शाळेत फोन आणायचाच असेल तर सकाळी कार्यालयातल्या कापडी खिशांच्या पडद्यात, आपल्या हजेरी क्रमांकाच्या खिशात ठेवायचा. शाळा सुटली की त्याच दिवशी परत. दुपारच्या एसटीने लांब जाणाऱ्या मुलींना तो लागतोच, हे मान्य करून टाकलं. गृहपाठ फळ्यावर लिहिते, ग्रुप फक्त पालकांच्या सूचनांसाठी. माझाही फोन पडद्यात जातो. पहिला आठवडा मुलांपेक्षा मलाच जड गेला.

मूल काही सांगायला आलं तर रागवायचं राखून ठेवा. "फोन घेणार नाही" हे वाक्य आधी उच्चारा, आणि पाळा. खातं खोटं असेल तर घाईने काही पुसू नका. त्या खात्याचं नाव, लिंक, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट मुलाच्या किंवा पालकांच्या फोनवर घ्यायला लावा, मग त्या अॅपवरच तक्रार, आणि ब्लॉक त्यानंतर. पण फोटो अश्लील असेल तर स्क्रीनशॉट घेऊ नका. 'पुरावा' म्हणून तो स्वतःच्या फोनवर घेण्याची चूक शिक्षकांकडून हमखास होते. अठरा वर्षांखालच्या मुलाचा असा फोटो जवळ ठेवणं, पुढे पाठवणं हाच पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. सरळ पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर जा. पैसे गेले असतील तर १९३०, मूल घाबरलेलं, एकटं पडलेलं असेल तर १०९८. आपलाच असा फोटो पसरेल अशी भीती असलेल्या मुलांसाठी 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सोय आहे. तीत फोटो कुठे पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी अॅप त्यावरून तो फोटो शोधून हटवतात. आमच्या स्टाफपैकी कुणालाच हे ठाऊक नव्हतं.

रात्रीच्या रील्सवर मात्र माझा पडदा चालत नाही. पहिल्या तासाला निम्मा वर्ग जांभया देतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ मध्ये संध्याकाळी सातचा भोंगा सुरू झाला. तो वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, थोरामोठ्यांचेसुद्धा. ते मनात धरून मी पालकसभेत एवढंच मागितलं: रात्री दहानंतर घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "आमचाबी का, बाई?" मी म्हटलं, "आधी तुमचाच." सभेत हशा पिकला. हात मात्र अकराच वर आले.