डेन्मार्क व आयर्लंड : दोन देशांतील शेतकऱ्यांची राहणी

अमुक देश सुखी कीं तमुक, असा प्रश्न निघाला म्हणजे दरमाणशी उत्पन्नाचा आंकडा पुढें करण्याची चाल पडली आहे. त्या आंकड्यावर आमचा फारसा भरंवसा नाहीं. आज आयर्लंडचा हा आंकडा डेन्मार्कपेक्षां मोठा दिसतो. पण त्यांत परदेशी कंपन्यांचा नफा इतका मिसळलेला आहे कीं, २०१७ सालीं खुद्द आयरिश सांख्यिकी खात्यास निराळा हिशेब मांडावा लागला. शेतकऱ्यानें दुसरीं मापें धरावीं. जमीन कोणाची, मालाचा पैसा कोणाच्या घरीं जातो, आणि मुलास गांव सोडावें लागतें कीं काय, हीं तीं मापें होत. तीं लावून पाहण्यास हे दोन देश सोयीचे आहेत. दोन्ही लहान, दोहोंची हवा थंड व ओलसर, दोहोंचा मुख्य माल लोणी व डुकराचें मांस, आणि मागील शतकांत दोहोंची पेठहि एकच, इंग्लंड.

प्रथम माणसांची गणती पाहूं. १८४१ च्या खानेसुमारींत आयर्लंडमध्यें सुमारें ८२ लाख माणसें होतीं. १९०१ सालीं सुमारें ४५ लाख उरलीं. डेन्मार्कमध्यें १८४० सालीं सुमारें १३ लाख होतीं, तीं १९०१ सालीं साडेचोवीस लाखांच्या घरांत गेलीं. डेन्मार्कमधूनहि पुष्कळ लोक अमेरिकेस गेले, तरी घरें ओस पडलीं नाहींत.

आयर्लंडांतील कूळ खंडावर जमीन करी व स्वतः बटाट्यावर जगे. ओट विकून खंडाची भरती करावी. डुक्कर पोसावें तेंहि खंडासाठींच. 'भाडें भरणारे गृहस्थ' असें त्या प्राण्यास तेथें थट्टेनें म्हणत. कुळानें जमीन सुधारली तर बहुतेक ठिकाणीं खंड वाढण्याची धास्ती. मग सुधारणा कोण करील? १८४५ सालीं बटाट्यावर करपा पडला. पुढील पांच-सहा वर्षांत सुमारें दहा लाख माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं आणि तितकींच देश सोडून गेलीं. त्याच वर्षांत धान्य व लोणी बंदरांतून बाहेर जातच होतें. म्हणजे देशांत अन्नच नव्हतें असें नव्हे. तें ज्यानें पिकविलें त्याचें नव्हतें, इतकेंच.

डेन्मार्कमध्यें कुळांस जमीनदाराच्या गांवीं बांधून ठेवणारा कायदा १७८८ सालीं उठविण्यास आरंभ झाला, आणि पुढील शंभर वर्षांत बहुतेक शेतकरी आपापल्या जमिनीचे मालक झाले. १८७० नंतर अमेरिकेचें स्वस्त धान्य आलें तेव्हां ह्या मालकांनीं धान्य विकण्याचें सोडून तें गुरांस घातलें. १८८२ सालीं पश्चिम जटलंडमधील येडिंग गांवीं पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. मलई काढण्याचें फिरतें यंत्र नुकतेंच प्रचारांत आलें होतें. तें एकट्यादुकट्यास परवडण्याजोगें नव्हतें, म्हणून सर्वांनीं एकत्र जामीन राहून कर्ज काढिलें. सभासदानें ठराविक मुदतीपर्यंत आपलें सारें विक्रीचें दूध तेथेंच घालावें, असा करार असे. दोन गाईंच्या मालकास व पन्नास गाईंच्या मालकास मत मात्र एकच. पुढें दुधांतील स्निग्धांश पाहून भाव देऊं लागले. आज आपल्या गांवोगांवच्या दूध-संस्थांत फॅट लावून भाव काढितात, तीच ही रीत. मलई काढलेलें दूध शेतकऱ्यास परत मिळे आणि तें डुकरांस जाई. १८८७ सालीं हॉर्सन्स येथें डुकराच्या मांसाचा सहकारी कारखानाहि निघाला. प्राणी तोच, एकीकडे त्याचा पैसा जमीनदाराकडे गेला, दुसरीकडे पाळणाऱ्याच्या घरीं परत आला.

आणखी एक गोष्ट आमच्या बंधूंनीं ध्यानांत घ्यावी. आयर्लंडमध्यें गाई वसंत ऋतूंत व्यात, म्हणून हिवाळ्यांत लोणी नसे. डेन लोकांनीं बीट, पेंड व धान्य चारून कांहीं गाई शरद ऋतूंत व्याव्या अशी व्यवस्था केली. इंग्लंडांतील दुकानदारास बाराही महिने एका प्रतीचें लोणी मिळूं लागलें. मग उन्हाळ्यांत आयरिश माल आला तरी तो हातचा पुरवठा कशास सोडील?

हें सर्व सर होरेस प्लंकेट यांनीं ओळखिलें. ते स्वतः जमीनदार वर्गांतले, त्यामुळें कुळांस त्यांचा विश्वास येईना. पन्नास सभा झाल्या तेव्हां कोठें पहिली संस्था उभी राहिली. १८८९ सालीं लिमरिक परगण्यांत ड्रमकॉलॉगर येथें दुग्धशाळा निघाली आणि १८९४ सालीं अशा संस्थांचें मध्यवर्ती मंडळ स्थापन झालें. परंतु जमिनीचा प्रश्न सुटल्याशिवाय दुग्धशाळा किती पुरी पडणार ? १९०३ च्या कायद्यानें सरकारनें कुळांस जमीन विकत घेण्यास पैसा दिला. फेड साडेअडुसष्ट वर्षांच्या हप्त्यांनीं. डेन कुळ मालक झाल्यानंतर आयरिश कुळ मालक होऊं लागलें, यांत दोन-तीन पिढ्या गेल्या.

डेन्मार्कमध्यें सर्वच सुखी होते असें मात्र कोणीं समजूं नये. मजुरांस व झोपडीपुरत्या जमिनीच्या धन्यांस ह्या भरभराटीचा वांटा फार थोडा आला. त्यांना जमिनीसाठीं कर्ज देणारा कायदा होण्यास १८९९ साल उजाडलें.

आज दोन्ही देश मानवी विकासाच्या जागतिक यादींत अगदीं वरच्या गटांत आहेत. पण डेन्मार्कमध्यें एके काळीं दोन लाखांवर असलेलीं शेतघरें आतां तीस हजारांच्या आसपास राहिलीं आहेत. गोठे मोठे झाले, त्यांबरोबर कर्जहि. आयर्लंडमध्यें २०२० च्या कृषि-गणनेंत १ लक्ष ३५ हजार शेतें होतीं, पुष्कळ लहान, आणि त्यांतील कित्येक घरांत कोणी तरी बाहेर नोकरीस जाते. आयरिश लोणी १९६२ पासून एका नांवानें परदेशीं विकलें जातें व त्यास मान आहे. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या घरांत आली. आयर्लंडचें बेट १८४१ च्या आंकड्यास अद्याप पोहोंचलेलें नाहीं.