शंका-समाधान : शेततळ्यातली पाणबुडी

शंका : आम्ही तिघे मित्र. एकाचं भोकरदनला वेल्डिंगचं दुकान आहे, दुसरा आयटीआय झालेला वायरमन, तिसऱ्याच्या शेतात शेततळं. डिझेलची जुनी टाकी मिळाली आहे : व्यास एक मीटर, लांबी दोन मीटर, पत्रा पाच मिलिमीटर. दोघं बसतील अशी पाणबुडी करायची आहे. ती बुडवायला पाणी भरायची टाकी केवढी ठेवावी?

समाधान : आधी टाकी बुडेल का ते पाहू. तिचं आकारमान सुमारे १५७० लिटर. म्हणजे पूर्ण बुडायला सगळं मिळून १५७० किलो वजन हवं. पत्रा तीनशे किलोच्या आसपास, तुम्ही दोघं दीडशे, चार बॅटऱ्या सव्वादोनशे. अजून जवळजवळ नऊशे किलो कमी पडतात! ते शिसं किंवा काँक्रीट तळाशी कायमचं बसवावं लागेल आणि तेही इतकं खाली की पाणबुडी कलंडली तर आपोआप सरळ व्हावी. पाणी भरायच्या टाक्या कवचाच्या बाहेर असतात. तरंगताना झाकण पाण्याच्या बऱ्यापैकी वर राहावं एवढंच त्यांचं काम.

या टाक्या बुडताना पूर्ण भरा, वर येताना पूर्ण रिकाम्या करा. तळाशी उघड्या टाकीत निम्मी हवा ठेवून मध्येच तरंगत राहायचा मोह होतो. जरा खाली गेलात की ती हवा आकसते, उचल कमी होते, तुम्ही आणखी खाली जाता आणि हवा आणखी आकसते. नवख्यांचा घात इथेच होतो.

आता टाकीची दोन्ही तोंडं. ती सपाट आहेत ना? दर दहा मीटरला दाब चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलोनं वाढतो. पाच मीटर खोलीवर तुमच्या एका तोंडावर जवळजवळ चार टन भार येईल. सपाट पत्रा आत वाकतो आणि सांधा फाटतो. तोंडं घुमटासारखी हवीत, आतून कड्या हव्यात. माझगाव गोदीत बांधलेली आणि फेब्रुवारी १९९२मध्ये नौदलात आलेली ‘शल्की’ पाणबुडी घ्या. संकटात सगळ्या खलाशांना वर नेण्यासाठी तिच्यात एक दालन आहे आणि ते गोल आहे.

झाकणाचंही गणित करा. साठ सेंटिमीटरच्या झाकणावर तीन मीटर खाली साडेआठशे किलो बसतात. आतून ढकलून ते उघडणार नाही.

शंका : खोली राखायला प्रेशर सेन्सर आणि ईएसपी-३२ मायक्रोकंट्रोलर लावतो आहोत. काठावरून मोबाईलच्या वाय-फायने चालवता येईल का?

समाधान : नाही. वाय-फाय गोड्या पाण्यातसुद्धा काही इंचांतच विरून जातं, जीपीएसचीही तीच गत. केबल ओढा.

सेन्सर चांगला, पण खोली राखायचं काम टाकीच्या व्हॉल्व्हकडे देऊ नका. पाणबुडी किंचित हलकी ठेवा आणि उभ्या पंख्यानं तिला खाली दाबून धरा. प्रोग्रॅमनं नुसती खोली बघून चालणार नाही, खाली जाण्याचा वेगही बघायला हवा. नाहीतर ती हव्या त्या खोलीच्या वर-खाली हिंदकळत राहील. पंखा बंद पडला, वायर तुटली, प्रोग्रॅम अडकला, तरी ती आपोआप वर येते, हा या रचनेचा खरा फायदा. याच धोरणानं एक वजन विद्युतचुंबकानं बाहेर लटकवा : वीज गेली की ते सुटतं. शिवाय तेच वजन हातानं सोडायचा बोल्टही आत हवा.

जून २०२३मध्ये ‘टायटन’ पाणबुडी फुटून पाच जण गेले, तेव्हा लोक हसले ते तिच्या व्हिडिओ गेमच्या रिमोटला. पण दगा दिला तिच्या कार्बन फायबरच्या कवचानं. तुमच्याही पत्रात ईएसपीवर दोन पानं आहेत आणि वेल्डच्या तपासणीवर एक ओळ नाही.

मोटरचं मात्र तुम्हाला शिकवायला नको. बोअरमधली सबमर्सिबल पुष्कळदा आतून पाण्यानंच भरलेली असते, त्यामुळे आत-बाहेर दाब सारखा राहतो आणि शाफ्टच्या सीलवर ताण येत नाही. पाणबुडीच्या बाहेरच्या मोटरी तेलानं भरतात, त्यामागचं कारणही हेच.

शंका : दोघांना हवा किती वेळ पुरेल? ऑक्सिजनचं सिलिंडर घ्यावं का?

समाधान : सामान आणि माणसं वजा जाता आत जेमतेम एक घनमीटर हवा उरेल. शांत बसलेला माणूस तासाला सुमारे पंधरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघांचा मिळून तासाभरात तीन टक्के होईल : डोकं दुखेल, धाप लागेल, विचार सुचेनासा होईल. ऑक्सिजन तेव्हाही सतरा टक्क्यांच्या वर असेल. त्यामुळे नुसतं सिलिंडर उपयोगाचं नाही, कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा-लाईम आणि त्यातून हवा फिरवणारा पंखा लागतो. उलट कोंडलेल्या जागेत ऑक्सिजन वाढला तर एक ठिणगी पुरते. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, तो हवेत चार टक्के झाला की पेटू शकतो. त्या कवचाबाहेर वेगळ्या डब्यात न्या.

माझं मत स्पष्ट सांगतो : या टाकीत माणूस बसवू नका. वेल्ड तपासणारा, पाणबुड्या आणि बचावाची माणसं काठावर असल्याशिवाय तर नाहीच. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावरून पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही, हे तुमच्या भागात सांगायला नको. दोर आणि ट्यूब आधी बांधून ठेवा.

शंका : मी भोकरदन तालुक्यात शिक्षिका आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांना पाण्याखालचं काही करता येईल का?

समाधान : येईल, आणि वरच्या तिघांनीही इथूनच सुरुवात करावी. पीव्हीसी पाइपची चौकट, तीन छोट्या मोटरी, पंधरा मीटर इंटरनेटची केबल, बारा व्होल्टची बॅटरी काठावर. मोटर प्लास्टिकच्या डबीत बसवून डबी वितळलेल्या मेणानं भरायची. दोन मोटरी पुढे-मागे आणि वळायला, एक वर-खाली. तरंग जुळवायला पाइपात थर्माकोल, खाली नटबोल्ट.

कॅमेरा लावलात तर दिवा त्याच्या शेजारी नको, हातभर बाजूला लावा. नाहीतर गढूळपणावर उजेड पडून पडदा नुसता पांढरा दिसतो. पहिली चाचणी सिमेंटच्या हौदात घ्या. दानापूरच्या जुई धरणावर जायचं असेल तर पाटबंधारे विभागाची परवानगी काढा आणि दिवाळीनंतर जा, तोवर गाळ खाली बसलेला असतो.