हवेच्या राशी आणि आपली पेरणी



पश्चिमेला ढग चढला की लोक पाऊस ओळखतात आणि दक्षिण वारा सुटला की उकाडा, असे प्रभू येशूने म्हटल्याचे संत लूकच्या शुभवर्तमानात (१२:५४-५५) आहे. त्या देशाच्या पश्चिमेस समुद्र व दक्षिणेस वाळवंट आहे, म्हणून ही खूण खरी ठरते.

हवा ज्या प्रदेशावर बरेच दिवस स्थिरावते त्याचा गुण घेते. अशा विस्तीर्ण हवेला वायुराशी म्हणतात. थंड व उष्ण वायुराशी भेटतात ती सीमा म्हणजे आघाडी. तेथे हलकी उष्ण हवा वर चढते, निवते आणि बाष्पाचे ढग होतात. १९१४-१८ च्या महायुद्धानंतर नॉर्वेतील शास्त्रज्ञांनी रणांगणावरून हे नाव दिले.

ठळक आघाड्या थंड देशांतल्या. आपल्या बेळगाव-खानापूर भागात मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरून दमट हवा उसळते आणि दुपारनंतर गडगडाटासह वळीव येतो. तो घटकाभराचा. मान्सूनचा पश्चिम वारा मात्र दिवसेंदिवस टिकतो व घाटाला अडून कणकुंबीकडे अधिक पाऊस देतो.

म्हणून एका वळिवावर भरवसा ठेवून सगळे भात पेरू नये, असे आम्ही सुचवितो. पुढे पाऊस लांबला तर उगवलेला कोंब वाळतो. हवामान खात्याचा अंदाज ऐकावा, थोडे बी राखून ठेवावे. गडगडाट ऐकू येताच झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

आकाश पाहण्याची बुद्धी देवानेच दिली आहे; ती आपण वापरू या.